बाबांची निळी फाईल आणि माझं एक वर्ष



मागे ग्वाल्हेरच्या एका ताईंनी इथे त्यांच्या वाड्याच्या जुन्या कागदांबद्दल लिहिलं होतं. ते वाचलं आणि मला आमच्या कपाटातली निळी फाईल आठवली. आज तिच्याबद्दल लिहिते. जरा लांबेल, सांभाळून घ्या. बँकेत 34 वर्षं काढलीत, त्यामुळे हिशेब समोर आला की मला थांबता येत नाही.

आम्ही इंदूरचे. पणजोबा होळकरांच्या चाकरीत आले ते इथलेच झाले. घर रामबागेत, बाबांनी बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, पुढे ओटला. पुण्याची माझी नणंद म्हणते 'घरपट्टी', आम्ही म्हणतो 'संपत्तिकर'. ती म्हणते 'पावती', आम्ही म्हणतो 'रसीद'. ती हसते, पण आमच्या निळ्या फाईलवर बाबांच्या अक्षरात तेच लिहिलंय : "संपत्तिकर व जलकर, रसीदा". आतमध्ये घर बांधल्यापासूनची एकूण एक रसीद आहे. मधलं एकही वर्ष गाळलेलं नाही.

बाबा कापड गिरणीत हिशेबनीस होते. इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यात त्यांचीही गेली. त्या वर्षी घरात पगार येणं थांबलं. मी नुकतीच बँकेत लागले होते, धाकटा भाऊ शिकत होता. आईनं दूध कमी केलं. बाबांनी 'नई दुनिया' बंद केला आणि रोज सकाळी चौकातल्या चहाच्या गुमटीवर उभं राहून वाचायला लागले. सहा महिने असं चाललं. पण त्या वर्षाचीही रसीद फाईलमध्ये आहे. मी एकदा विचारलं, "बाबा, या वर्षी थांबला असता तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "नळाला पाणी येतंय ना? मग."

आता इंदूरच्या नळाचं पाणी म्हणजे काय, हे बाहेरगावच्या मंडळींना सांगायला हवं. आमचं पाणी नर्मदेचं. शहरापासून सत्तरएक किलोमीटरवर मंडलेश्वरजवळ जलूदला पंप लागलेत, तिथून घाट चढवून पाणी वर माळव्यात आणतात. 1970 मध्ये इंदूरच्या लोकांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं आणि 1978 मध्ये पहिलं पाणी आलं. बाबा त्या आंदोलनातल्या मोर्चाला गेले होते. नळ अजूनही एक दिवसाआडच येतो, पण नर्मदा घरात आली याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. कर म्हणजे त्यांच्या लेखी त्या पाण्याचं भाडं.

मग 1997 च्या सुमारास मध्य प्रदेशात नवी पद्धत आली. आपल्या घराचा कर आपणच मोजायचा. किती चौरस फूट, कोणता भाग, पक्कं बांधकाम की कच्चं, किती भागात स्वतः राहता आणि किती भाड्यानं दिलाय, सगळं आपणच फॉर्ममध्ये भरायचं. स्वतः राहत असाल त्या भागाला निम्मी सूट, भाड्याच्या भागाला नाही. आमच्या वरच्या एका खोलीत तेव्हा उज्जैनचा एक विद्यार्थी राहायचा. एका रविवारी बाबा टेप घेऊन घर मोजायला निघाले, दुसरं टोक माझ्या हातात. जिना मोजला, ओटला मोजला. वर गेल्यावर मी म्हटलं, "ही खोली भाड्याची म्हणून कशाला दाखवता? कोण बघायला येणार आहे?"

"कोणी येणार नाही, म्हणूनच तर आपल्यावर सोडलंय," ते म्हणाले आणि टेप पुढे सरकवला.

बाबा गेले, फाईल माझ्याकडे आली. तेव्हापासून दरवर्षी जूनच्या आत मी कर भरत आले. मुदतीच्या आत आगाऊ भरला की सव्वासहा टक्के सूट मिळते. माझा कर साधारण 6,400 रुपये, म्हणजे 400 रुपये वाचायचे. त्यातून मी बाबांच्या सवयीप्रमाणे सराफ्यातून पावशेर मावाबाटी आणायची. अगदी शिरस्ताच झाला होता.

हा शिरस्ता मोडला तो आमच्या समोरच्या घरामुळे.

समोर तीन मजली घर. माणसं वाईट नाहीत हो. आमचे हे आजारी होते तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनीच गाडी काढली होती. खाली त्यांचं दुकान, वर ते राहतात, त्याच्या वर दोन भाडेकरू. एका शनिवारी ते पेढे घेऊन आले. मला वाटलं मुलाचं लग्न ठरलं. तर म्हणाले, "भाभीजी, पाच साल का टैक्स था, आज लोक अदालत में निपटा दिया. पूरा अधिभार माफ!" आणि मग हसून, "आप तो हर साल जल्दी कर देती हो."

मी पेढा घेतला. पण गळ्याखाली उतरेना.

माझ्यासारख्या ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. देशभर वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोक अदालत भरते. खटले आपसात मिटावेत म्हणून. आमच्या राज्यात त्या दिवशी शहरांच्या करवसुलीच्या खिडक्याही लागतात आणि थकलेल्या करावरच्या अधिभारात, म्हणजे उशिराच्या दंडात, सवलत मिळते. संपत्तिकर आणि अधिभार मिळून थकबाकी 50,000 रुपयांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ. 50,000 ते एक लाख असेल तर निम्मा माफ. त्याच्या वर असेल तर पाव. पाण्याच्या करालाही अशीच पायऱ्यापायऱ्यांची सवलत असते. हुकूम राज्य सरकारचा, खिडकी शहराची. मूळ कर मात्र कुणालाच माफ नाही, हेही खरं.

"मग तुझं काय गेलं?" आमचे हे म्हणाले. "मुद्दल तर त्यानं भरलंच ना."

झालं, माझ्यातली बँकवाली जागी झाली. रात्री कागद घेऊन बसले. तुम्हीही बघा, सोपं आहे.

समजा दोघांचाही कर वर्षाला 8,000 रुपये. मी दरवर्षी वेळेआधी भरते, मला दरसाल 500 रुपये सूट. पाच वर्षांत 2,500 रुपये वाचले. समोरच्यानं पाच वर्षं भरलाच नाही. त्यानं दरवर्षीचे 8,000 बँकेत सात टक्क्यांनी टाकले. पहिल्या वर्षाचे पैसे चार वर्षं राहिले, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचे एक वर्ष. मिळून दहा वर्षांचं व्याज झालं. वर्षाचं 560 धरलं तर 5,600 रुपये, तेही सरळ व्याजानं. पाचव्या वर्षी तो लोक अदालतीत गेला, मुद्दल 40,000 भरलं, अधिभार माफ. मला मिळाले 2,500, त्याला 5,600. नियम पाळण्याचा मला 3,100 रुपये तोटा.

रक्कम मोठी नाही. पण बँकेत कोणाला बिनव्याजी कर्ज दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

आणि याच्यातली खरी गंमत पुढे आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महानगरपालिकेनं लोकांना बाँड विकले. जलूदला सौर वीजप्रकल्प उभा करायचा होता, कारण नर्मदा वर चढवायला लागणाऱ्या विजेचं बिल फार मोठं येतं. 244 कोटी रुपये उभे केले, व्याज सव्वाआठ टक्के. इंदूरनं तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसांनाही ते घेऊ दिले, आणि अशी खुली विक्री करणारं देशातलं हे पहिलं शहर, याचं तेव्हा कौतुक झालं. मीही दहा हजारांचे घेतले. नर्मदेचं काम, बाबांना बरं वाटलं असतं.

आता बघा. माझ्याकडून घेतलेल्या पैशाला शहर मला सव्वाआठ टक्के देतं. समोरच्याकडे अडकलेल्या पैशाला शहर काहीच घेत नाही. एका हातानं व्याजानं घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं बिनव्याजी सोडून द्यायचं. मधला फरक कोण भरतं? जो वेळेवर भरतो तोच.

मुलाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो बंगळूरला असतो. म्हणाला, "आई, मग तू पण थांब की. सगळे थांबतात." मी रागातच होते. म्हटलं, ठीक आहे, या वर्षी नाही भरत.

जून गेला, नाही भरला. जुलैत पाऊस सुरू झाला, नळाला गढूळ पाणी आलं की मी तक्रार करायला फोन उचलायची आणि परत ठेवायची. कर भरला नाही आणि तक्रार कशी करू? वेडेपणाच म्हणा. समोरच्यांनी पाच वर्षं न भरता दर पावसाळ्यात तक्रार केली, त्यांना काही वाटलं नाही. दिवाळीत फराळाचे डबे भरताना निळी फाईल समोर दिसायची. सहा हजार चारशे रुपयांसाठी मी इतका विचार केला तेवढा मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळीही केला नसेल. आमचे हे म्हणायचे, "एवढा त्रास होतो तर भरून टाक ना." मी म्हणायची, "त्रास होतोय म्हणूनच नाही भरत." आता हसू येतं.

मार्च आला. तेवढ्यात पुन्हा एक लोक अदालत लागली होती. मला चालू वर्षाचाच भरायचा होता, त्यामुळे सवलतीशी माझा संबंध नव्हता. पण म्हटलं बघावं तरी. झोन ऑफिसबाहेर मंडप, खुर्च्या, पाण्याचा जार. रांगेत माझ्यापुढे मागच्या गल्लीतल्या वहिनी. कॉलेजच्या मुलांना डबे करून देतात. नवरा लॉकडाऊनमध्ये गेला. घर त्याच्या नावावर, कागद कुठे आहेत हेच त्यांना दोन वर्षं समजलं नाही. त्यात अधिभार चढत गेला. हातात नोटांचं पुडकं, रबर लावलेलं. मला म्हणाल्या, "काकू, हे जर माफ नसतं झालं ना, तर मला गॅसची मोठी शेगडी विकावी लागली असती." डबे त्याच शेगडीवर होतात.

खिडकीवरचा मुलगा चांगला होता. त्यानं त्यांना बसवलं, हिशेब समजावला, रसीद दिली. त्या बाहेर आल्या तेव्हा रसीद पदराला पुसत होत्या, पाण्याचा थेंब पडला होता म्हणून.

मग मी माझी रसीद घेतली. 400 रुपयांची सूट गेली होती. मावाबाटी आणली नाही.

मंडळी, त्या दिवसापासून माझं मत थोडं बदललं, ते सांगते. आधी मला वाटायचं, माफी बंद करा. आता तसं वाटत नाही. वहिनींना माफी मिळाली ती योग्यच होती. समोरच्यांना मिळाली ती योग्य नव्हती. खोट एवढीच की खिडकीला दोघं सारखेच दिसतात. थकबाकी किती, एवढंच ती विचारते. का थकली, हे विचारत नाही. ज्याला भरता आलं नाही आणि ज्यानं भरलं नाही, दोघांना एकच तक्ता. आणि ज्यानं पोटाला चिमटा घेऊन भरलं, त्याचं नाव त्या तक्त्यात कुठेच नाही. माझे बाबा त्या तक्त्यात नाहीत.

लोक म्हणतात, अहो, अशी सगळ्यांची चौकशी करणं जमतं का? मला वाटतं जमतं. कारण याच शहरानं कचऱ्याच्या बाबतीत ते करून दाखवलं. 2016 च्या स्वच्छतेच्या यादीत आम्ही पंचविसावे होतो. 2017 मध्ये पहिले आलो आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलेच राहिलो. तेव्हा काय झालं होतं आठवा. गाडी रोज दारात. ओला वेगळा, सुका वेगळा, पुढे तर सहा प्रकार. एकत्र आणला की गाडीवरचा माणूस तिथल्या तिथे सांगायचा, "माताजी, अलग करके लाओ." मलाही परत पाठवलं होतं एकदा, समोरच्यांनाही पाठवलं. दुकानदाराला तोच नियम, बंगल्याला तोच, चाळीला तोच. पाच वर्षं कचरा रस्त्यावर टाकून एका शनिवारी माफी मिळाली असती तर इंदूर पहिलं आलं असतं का? आज आमच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो आणि त्यावर बसगाड्या चालतात. ते एकट्या सरकारनं केलं नाही. नियम सगळ्यांना सारखा दिसला, म्हणून साध्या माणसानं आपणहून साथ दिली.

आणि ही गोष्ट इंदूरला नवीन नाही. बाबा एक किस्सा नेहमी सांगायचे. पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश नगररचनाकार होळकर सरकारनं बोलावला होता. त्यानं 1918 मध्ये इंदूरच्या सुधारणेचा अहवाल लिहिला. तो आला तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. त्यानं काय केलं, तर दिवाळीला एक मिरवणूक काढायची ठरवली आणि स्वतः एका दिवसाचा राजा व्हायची परवानगी मागितली. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, ज्या मोहल्ल्यातले लोक घरं आणि रस्ते सगळ्यात जास्त स्वच्छ आणि नीट करतील तिथून जाईल, असं जाहीर केलं. लोकांनी गाड्याच्या गाड्या भरून घाण बाहेर काढली, घरं रंगवली, वाटा दुरुस्त केल्या. मिरवणुकीत प्लेगचा एक भलामोठा उंदीरही होता, पिसवांसकट.

बाबा म्हणायचे, "बघ, त्यानं दंड नाही केला, माफीपण नाही दिली. ज्यानं काम केलं त्याच्या दारावरून मिरवणूक नेली." तेव्हा मला ती नुसती गंमतीची गोष्ट वाटायची.

आता वाटतं, माझ्यासारख्यांचं मागणं तेवढंच आहे. मला 5,600 रुपये नकोत. माझं म्हणणं तीन वाक्यांत लिहिते. माफी अर्जावर द्या. मृत्यू, आजारपण, नोकरी जाणं, असं कारण वार्डातल्या माणसाला तपासता येतं, त्याला पूर्ण माफी द्या, बाकीच्यांकडून निदान बँकेचं व्याज तरी घ्या. जो दहा वर्षं न चुकता भरतो त्याची सूट थोडी वाढवा, म्हणजे तक्त्यात त्याचंही नाव येईल. आणि आमच्या वार्डातून किती कर आला आणि वार्डात कुठे लागला, एवढा फळा झोन ऑफिसबाहेर लावा. मी स्वतः जाऊन वाचीन, बेरीजही तपासून देईन.

हे मी अर्ज म्हणून लिहून दिलंय. पोच मिळाली आहे. ती पोचही निळ्या फाईलमध्ये लावली, बाबांच्या रसीदांच्या मागे.

समोरच्यांना हा हिशेब मी चहाच्या वेळी दाखवला. माझं त्यांच्याशी भांडण नाही, रात्री दोनची गाडी मी विसरलेली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "भाभीजी, गणित तो सही है. पर छूट मिल रही थी तो छोड़ता कौन है?" खरंय. कोण सोडेल? त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित पेढेच वाटले असते. म्हणूनच मी त्यांना दोष देत नाही. नियम असा हवा की तसं करायचा मोहच होऊ नये.

या वर्षी मी एप्रिलमध्येच कर भरला. वरची खोली सध्या रिकामी आहे, तसं लिहिलं. घरी येताना पावशेर मावाबाटी आणली. दोन बाट्या बशीत घालून मागच्या गल्लीत वहिनींकडे दिल्या, म्हटलं, "माझी सूट परत आली." त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी बशी रिकामी परत पाठवली नाही, त्यात गरम शेंगदाण्याची चटणी आली.

आता तुम्ही सांगा. बेळगावला, बडोद्याला, हैदराबादला, गोव्यात तुमच्याकडे काय पद्धत आहे? वेळेवर भरणाऱ्याला तुमचं गाव काही देतं का, की तिथेही थांबणाराच शहाणा ठरतो? आणि घरात कोणाकडे अशी जुनी फाईल असेल तर फेकू नका. तिच्याबद्दल नक्की लिहा.